चौथ्याचं नाव

१

इंग्रजी पिक्चर मराठीत सांगणं हे चनबसप्पाचं काम. सोलापुरातल्या एका टॉकीजच्या बाल्कनीत, मशीनच्या खोलीला लागून, त्याला फळकुटांचं एक खोपटं करून दिलं होतं. त्यात एक स्टूल, एक माइक आणि समोर हातभर रुंदीची खिडकी. सकाळच्या खेळाला पडद्यावर गोरे लोक तोंड हलवायचे आणि पब्लिकला ऐकू यायचा तो चनबसप्पा. त्याला इंग्रजी येत होतं असं मात्र कुणी समजू नये. घरात कानडी, बाहेर मराठी आणि विणकरांच्या पोरांशी भांडण्यापुरती तेलुगू, एवढीच त्याची विद्या. पण चेहऱ्यावरून माणसाच्या पोटातलं कळतं असा त्याचा दावा होता, आणि जिथे कळायचं नाही तिथे तो बिनधास्त ठोकून द्यायचा.

त्याची खरी खुबी नावांत होती. गोऱ्यांची नावं कुणाच्या ध्यानात राहणार? म्हणून तो पडद्यावरच्या माणसांना सात रस्ता चौकातल्या माणसांची नावं द्यायचा. बँक लुटणारा पानपट्टीवाल्याच्या नावाने लुटायचा, आणि घोड्यावरून पडणारा हमखास एखादा सायकल दुकानदार असायचा. ज्याचं नाव घेतलं तो आठवडाभर कॉलर ताठ करून हिंडे. "मामा, या बारीला आपल्याला घ्या की," म्हणत लोक त्याला चहा पाजायचे. सगळ्या गावाचा तो मामा होता. असल्या थट्टेनं कुणाचं काही वाकडं होईल हे त्याच्या स्वप्नातही नव्हतं.

२

पौषात गड्ड्याची जत्रा भरली की खेड्यापाड्यांतून माणूस लोटायचं, आणि मॅनेजर त्या दिवसांत काहीतरी झणझणीत आणायचा. त्या वर्षी त्याने स्वीडनचा पिक्चर आणला.

"स्वीडन कुटं आलं?" चनबसप्पाने विचारलं.

"इंग्लंडच्या पलीकडं. तुला काय करायचंय?" मॅनेजर म्हणाला. "गोष्ट ऐक. एक गरीब बाई, कपडे धुण्याच्या कारखान्यात कामाला. चौघं जण तिची वाट लावतात आणि मेली समजून बर्फात टाकून देतात. ती परत येते आणि एकेकाला गाठते. झालं. बाकी तू घाल मीठमसाला."

बाहेर पोस्टर लागलं. बर्फात उभी एक बाई, हातात बंदूक आणि मागे चार सावल्या. वर ठळक अक्षरांत, फक्त प्रौढांसाठी. पहिल्याच खेळाला खुर्च्या भरल्या. सेन्सॉरने मात्र पिक्चरची पार चाळण केली होती. तिघं जण बाईला घेऊन कोठीत शिरतात, चौथा दारात पाठमोरा उभा राहतो, मग दार ओढून घेतो, आणि एकदम बाई बर्फात पडलेली. ज्याच्यासाठी पब्लिक आलं होतं ते मधलं सगळं गायब. लोकांनी शिट्ट्या मारल्या, खुर्च्या आपटल्या, मॅनेजरच्या आईबहिणीची आठवण काढली. हे नेहमीचंच होतं.

पहिल्या रांगेत चनबसप्पाचा पोरगा संगप्पा आणि त्याचे तीन जोडीदार बसले होते, धोंडीराम, जोतीराम आणि बिरप्पा. चौघंही एका चादरीच्या कारखान्यात मागावर होते आणि मामाच्या वशिल्याने फुकट पिक्चर बघायचे. त्यांची फिरकी घ्यावी असं चनबसप्पाच्या मनात आलं.

"हा बगा, मिशावाला, हा आपला धोंडीराम," तो माइकवर म्हणाला. "ह्यो लांबडा, ह्यो जोतीराम. आनि टोपी घातलेला बिरप्पा."

हॉल हसला. पहिली रांग हसली नाही. चनबसप्पाला जरा नवल वाटलं, कारण नाव घ्यावं म्हणून याच पोरांनी त्याच्यामागे भुणभुण लावलेली असायची. चौथा संगप्पा असायला हवा होता, पण बाप कितीही थट्टेखोर असला तरी असल्या कामाला आपल्या पोराचं नाव देत नाही. "आनि ह्यो चौथा," एवढंच म्हणून तो पुढे सरकला.

आता बाईला नाव हवं होतं. तोंडाला आलं ते त्याने दिलं. "ही काशम्मा."

"ओ," कुणीतरी म्हणालं.

हाक मारल्यावर माणूस देतो तशी साधी ओ. बाईचा आवाज. तो खालून, डाव्या अंगाने आला. तिथे लाकडी कठडा आणि पडदा लावून बायकांची बाजू केलेली होती, पण सकाळच्या इंग्रजी खेळाला तिथली तिकिटंच फाडत नसत. कुणीतरी टारगट बाईचा आवाज काढत असेल, असं म्हणून चनबसप्पाने गोष्ट पुढे रेटली.

३

दुपारी घरी संगप्पा ताटावर बसला आणि भाकरीचा तुकडा मोडून तसाच बसून राहिला. त्याच्या आईने, गुरम्माने, दोनदा आमटी वाढायला पळी उचलली आणि दोनदा परत ठेवली.

"अप्पा, ते बाईचं नाव तुमाला कुनी सांगितलं?" पोराने विचारलं.

"कुनी सांगायचं? अक्कलकोटाकडं दर दोन घरांआड एक काशम्मा हाय."

"बदला की ते."

"का रं?"

"उगाच. बरं वाटत न्हाय ऐकायला."

चनबसप्पाला यात नाही म्हणण्यासारखं काही दिसलं नाही. दुसऱ्या दिवशी बाई पडद्यावर आली तेव्हा तो म्हणाला, "ही बगा मुक्ताबाई."

आणि हॉल म्हणाला, "काशम्मा."

ओरडून नव्हे. आरतीत पुढची ओळ सगळ्यांना पाठ असावी आणि ती आपोआप तोंडातून यावी, तसे लोक बोलले. चनबसप्पाने खिडकीतून डोकं बाहेर काढून पाहिलं. सगळे पडद्याकडे तोंड करून निवांत बसले होते. कालचेच लोक परत आले असतील, त्याने स्वतःला समजावलं. मग तिघं पुरुष आले तेव्हा त्याने मुद्दाम भलतीच नावं घेतली. हॉलने ती शांतपणे दुरुस्त केली. धोंडीराम. जोतीराम. बिरप्पा.

चौथा दारात पाठमोरा उभा राहिला. चनबसप्पा काही बोलला नाही आणि हॉलही काही बोलला नाही. सगळे जण कशाची तरी वाट बघत होते.

त्या दिवशी कुणी शिट्टी मारली नाही. मध्यंतरात चहा प्यायलाही कुणी उठलं नाही. भजीवाला दारात घमेलं घेऊन उभा राहिला आणि तसाच माघारी गेला.

४

धोंडीराम त्याच दिवशी मंगळवेढ्याच्या एसटीत बसला, कडब्याची चौकशी करून संध्याकाळी येतो म्हणून. तो आला नाही. त्याचा भाऊ स्टँडवर गेला तेव्हा कंडक्टर म्हणाला, गाडी रानातून चालली होती, दोन्ही बाजूंनी नुसती ज्वारी, आणि या गड्याने एकाएकी दोरी ओढली. हितं थांबा न्हाय म्हणालो, तर म्हणाला, माझं माणूस उभं हाय. बांधावर एक बाई होती खरी. तो उतरला आणि तिच्यामागे ज्वारीत गेला.

आता तरणा पोरगा एखाद्या बाईमागे ज्वारीत गेला, यात घाबरण्यासारखं काय आहे? चनबसप्पानेही आधी हसण्यावारी नेलं. पण पुढच्या दिवशी जोतीराम घरातून गेला, तेव्हा त्याला हसू आलं नाही. भर दुपारी तो जेवायला बसला होता. दारातून कुणी हाक मारली म्हणाला, आणि उष्ट्या हाताने उठून बाहेर पडला. त्याच्या बायकोला हाक ऐकूच आली नव्हती. तिने त्याचं ताट झाकून ठेवलं होतं आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला ते उघडून दाखवत होती.

टॉकीजवर मात्र हाऊसफुल्लचा बोर्ड हलेना. मॅनेजर खुशीत होता. "मामा, काय सांगतोस रे तू त्यांना? माणसं हलत नाहीत जागची."

चनबसप्पा जवळजवळ काहीच सांगत नव्हता. हॉलच सांगत होता. बाई पडद्यावर दार ठोठावण्याआधी लोक म्हणायचे, आता ठोठावेल. ती बंदूक उचलण्याआधी शेकडो माणसं एकदम श्वास आत घ्यायची. आणि अशाच एका खेळाला, चौथा दारात येऊन उभा राहिला तेव्हा, हॉल सावकाश म्हणाला, "संगप्पा."

चनबसप्पाने माइक हाताने झाकला. पण अक्कल अजून शाबूत होती, आणि ती म्हणाली, यात काय विशेष? ही पोरं कायम चौघंच हिंडतात, सात रस्त्याला कोण ओळखत नाही त्यांना? तीन नावं कळली की चौथं कुणीही सांगेल. हे त्याला अगदी पटलं. त्या रात्री त्याला बरी झोपही लागली.

दुसऱ्या दिवशी श्रीपूरच्या साखर कारखान्यावरून ऊसतोडीवाल्यांचा एक ट्रक जत्रेला आला होता. सगळा ट्रकच टॉकीजमध्ये शिरला. डोक्याला मुंडासं, पायाला चिखल, बीडकडची माणसं. सोलापुरात पहिल्यांदाच पाऊल टाकलेली. पडद्यावर दार दिसलं, दारात पाठमोरा माणूस दिसला, आणि त्यांनीही तेच नाव घेतलं.

चनबसप्पा स्टुलावरून उठला आणि बाजूच्या खोलीत गेला. मशीन चालवणारा कोंडीबा मशीनच्या दिव्याचा कार्बन सारखा करत होता.

"कोंडीबा, खाली बायकांच्या बाजूला कोन बसतंय रं?"

कोंडीबाने मान वर केली नाही. "पयल्या दिवसापासनं बसतीय की," तो म्हणाला. "मला वाटलं तुमच्या वळखीची हाय. तुमच्याकडंच बघत असती, पडद्याकडं न्हाय."

५

घरी गेल्यावर चनबसप्पाने दाराला आतून कडी लावली आणि पोराला समोर बसवलं. बिरप्पाही सकाळपासून सापडत नव्हता, हे तोवर दोघांनाही कळलं होतं.

"काशम्मा कोन?"

संगप्पा भिंतीला टेकून बसला होता. चार दिवसांत त्याचे गाल आत गेले होते. तो म्हणाला, "आमच्या कारखान्यात सुताच्या कांड्या भरायची. मंगळवेढ्याकडची."

"आता कुटं हाय?"

"दिवाळीला गावी गेली म्हनत्यात. परत आली न्हाय."

"तिच्या घरचं कुनी चौकशीला आलं न्हाय?"

"कोन येनार? म्हातारी आई हुती नुसती."

चुलीपाशी गुरम्मा पाठ करून बसली होती. ती फुंकणी हातात धरून तशीच राहिली.

"संगप्पा, माझ्याकडं बग," चनबसप्पा म्हणाला. "काय केलं तुमी?"

"मी काय केलं न्हाय अप्पा. अंगाला हात लावला न्हाय मी तिच्या, शपथ." पोरगा रडायला लागला. "सुताच्या कोठीत हुते ते तिघं. मी नुसता दारात हुतो."

चनबसप्पाला त्या क्षणी पोराच्या थोबाडीत द्यावीशी वाटली आणि त्याला पोटाशी धरावंसंही वाटलं. त्याने दोन्हींतलं काहीच केलं नाही. एकुलतं एक पोर, नवसाचं, अजून तोंडावर मिसरूड नीट फुटलेलं नाही. ते कोठीच्या दारात उभं राहून दार ओढून घेत होतं आणि बाप त्याच दिवशी कुठेतरी माइकवर लोकांना हसवत असेल. त्या बाईचं पुढे काय झालं हे विचारायची हिंमत त्याला झाली नाही.

संध्याकाळी तो मॅनेजरच्या पाया पडला. मॅनेजर म्हणाला, "वेडा आहेस का? उद्या गुरुवार. शुक्रवारी पिक्चर बदलतोयच. एक खेळ राहिलाय फक्त."

एकच खेळ. चनबसप्पा त्या शब्दाला धरून बसला. पोराला उद्या घरात कोंडून ठेवायचं आणि तो एक खेळ निभावायचा. शिवाय त्याला एक गोष्ट सुचली होती. पडद्यावरचे लोक काय बोलतात ते या गावात कुणाला कळतं? आपण सांगू ती गोष्ट. आजवर लोकांना बनवत आलो, उद्या शेवट बदलून सांगू.

६

गुरुवारी सकाळी त्याने संगप्पाला आतल्या खोलीत घातलं, कुलूप लावलं आणि किल्ली गुरम्माच्या हातात दिली. "कुनीबी येऊ दे. उघडायचं न्हाय."

टॉकीजमध्ये गड्ड्यावरची गर्दी होती. गुलालाने माखलेले, कपाळाला विभूती लावलेले, पोराबाळांना बाहेर ठेवून आत आलेले बाप्ये. चनबसप्पा स्टुलावर बसला आणि पहिल्यापासून बोलत राहिला. बाईला त्याने नाव दिलं नाही, कुणालाच दिलं नाही. हॉल गप्प होता. मध्यंतरापर्यंत सगळं इतकं सुरळीत झालं की त्याने कोंडीबाकडून एक बीडी मागून घेतली.

ती पेटवायच्या आतच जिन्यावरून गुरम्मा वर आली. डोक्यावरचा पदर खाली आला होता, पायात चप्पल नव्हती.

"पोरगं हितं आलंय का?"

"किल्ली तुझ्याकडं हुती."

"कारखान्यातली पोरगी आली हुती बोलवायला," ती म्हणाली. "गरीब हुती बिचारी, पदर घेतलेली, पानी मागितलं तिनं. मी पानी दिलं. मालकानं बोलावलंय, न्हाय आला तर काम जाईल, म्हनाली." आणि मग हळू आवाजात, "म्या उघडलं हो."

हॉलमधले दिवे गेले. चनबसप्पाने खिडकीतून खाली पाहिलं. बायकांच्या बाजूचा पडदा जरासा सरकलेला होता. अंधारात दोन डोकी दिसत होती, एक पदराखालचं आणि एक उघडं. उघड्या डोक्यावरचा भोवरा त्याने लहानपणापासून तेल लावून चोळलेला होता.

"संगप्पा," त्याने माइकमध्येच हाक मारली. हॉलभर ती घुमली. उघडं डोकं हललं नाही. गुरम्मा जिन्याने खाली धावली. खालचं दार आतून लागलेलं होतं. ती ते दार ठोकत राहिली आणि तो आवाज खेळ संपेपर्यंत येत होता.

पडद्यावर बर्फातून बाई चालत येत होती. शेवटचं रीळ लागलं होतं. रोज ती त्या चौथ्याच्या घराशी यायची, हात उचलायची, आणि पिक्चर संपायचा. चनबसप्पाने माइक दोन्ही हातांनी धरला.

"तर मंडळी," तो म्हणाला, आणि त्याचा आवाज त्यालाच ओळखू येईना, "आता ही बाई चौथ्याच्या दारी आली. पन हिच्या मनात आता राग न्हाय. चौथा बाहेर आला, त्यानं पाय धरलं हिचं. म्हनाला, बाई, चुकलं. मी आडवा व्हायला पायजे हुतो, न्हाय झालो. आनि हिनं... हिनं त्याला उठवलं. जा म्हनाली, घरी जा. आई वाट बगत असंल. सोडला बगा तिनं त्याला. संपली गोष्ट."

हॉलमध्ये कुणी हललं नाही. पडद्यावरची बाई चालत राहिली.

"सोडला म्हनतो ना," चनबसप्पा म्हणाला. आता तो कुणाला काय सांगतोय याचं त्याला भान नव्हतं. "काशम्मा, बाई, एकुलता एक हाय गं. मला ने. मी बाप हाय, माझंच चुकलं, मला ने." आणि मग मराठीही संपली, तोंडून घरची भाषा आली. "बिड तायी, बिड." सोड आई, सोड.

खालच्या रांगेतला एक म्हातारा, कपाळभर विभूती लावलेला, मागे वळला. वर खिडकीकडे बघत त्याने विचारलं, अगदी सहज, शेजाऱ्याला वेळ विचारावी तसं, "मामा, आनि तिला कुनी सोडलं हुतं का?"

चनबसप्पाने तोंड मिटलेलं होतं, दोन्ही ओठ दातांनी धरून ठेवले होते, आणि तरी माइकमधून त्याचाच आवाज यायला लागला. रोजचा, खुलवून सांगायचा आवाज. "आता ती उठली," आवाज म्हणाला. "त्याला म्हनाली, चल. आनि तो उठला."

बायकांच्या बाजूला खुर्च्यांच्या फळ्या वर आपटल्याचा आवाज झाला, आधी एकीचा, मग दुसरीचा. तेव्हा सगळ्या हॉलने पडद्याकडची तोंडं तिकडे वळवली. शेकडो माणसं, काही न बोलता, नुसती बघत होती, जाणाऱ्याला वाट द्यावी तशी पाय आवरून घेत होती. चनबसप्पाने डोळे मिटले. आपण काय पाहिलं नाही ते त्याला नंतर कुणी सांगितलं नाही. डोळे उघडले तेव्हा पडदा समोर होता. त्यावर बाईचं येणं नव्हतं. लांबवर पांढऱ्या रानात दोघं पाठमोरी चालली होती, आणि त्यातल्या एकाचा डावा पाय, लहानपणी झाडावरून पडल्यापासून टाकायचा तसा, किंचित बाहेर पडत होता.

ती ठिपक्याएवढी झाली तरी हॉल बसून होता. मग टाळ्या पडल्या. इतक्या टाळ्या त्या टॉकीजमध्ये कधी पडल्या नव्हत्या.

दिवे लागले. लोक उठले, धोतरं झटकली, गड्ड्यावरच्या पाळण्याच्या गप्पा करत दाराकडे निघाले. तोवर गुरम्मा आत आली होती आणि गर्दीच्या उलट दिशेने, एकेका रांगेत वाकून बघत चालली होती. चनबसप्पा जिन्याच्या तोंडाशी उभा राहिला. कपाळभर विभूती लावलेला तो म्हातारा जाताना त्याच्यापाशी थांबला आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "आज लई चांगलं सांगितलंस, मामा. शेवट बराबर झाला."